अक्कांनी न वाचलेला रिपोर्ट

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या लॅबच्या नव्या मालकानं डॉक्टर सरोजाबाईंना फसवलं. त्या लॅबचा सौदा मी जुळवला होता, म्हणून त्यानं मलाही फसवलं. मालकाचं नाव निखिल. सरोजाबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचो. अक्का आता नाहीत. त्यांच्या वतीनं भांडायला मी एकटा उरलो आहे. पण भांडण मांडण्याआधी अक्का कोण होत्या ते सांगावं लागेल. नाहीतर एका कागदावरच्या सहीपायी हा माणूस एवढा का तापलाय, हे वाचणाऱ्याला कळायचं नाही.

मी मेंढ्या-शेळ्यांचा व्यापारी, मूळ सांगोल्याकडचा. शाळा मेंढरांमागं सुटली. घेताना जनावरात खोट काढायची आणि विकताना तीच खोट झाकायची, या विद्येवर मी सोलापुरात घर बांधलं. मला राग लवकर येतो. माझी बायको हे सांगेल आणि बाजारातला कुठलाही हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, सांगेल.

विजापूर रस्त्याला माझा गोठा आहे. अक्का पहिल्यांदा तिथं आल्या त्या रिक्षानं. सुती साडी, त्यावर डॉक्टरी पांढरा कोट, पायांत जाड चपला. मेंढरांच्या मधून सरळ चालत माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मला मेंढ्याचं रक्त पाहिजे."

"अमावस्या तर कालच झाली की बाई," मी म्हणालो.

"मी डॉक्टर आहे."

"डाक्टर बी जात्यात भगताकडं."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि समजावून सांगितलं. त्यांची जंतू तपासायची लॅब होती. रोग्याचा पू, लघवी, रक्त, थुंकी आली की त्यातला जंतू त्या काचेच्या ताटलीत वाढवायच्या. त्या ताटलीतलं अन्न बनवायला रक्त लागतं, आणि मेंढीचं रक्त त्यासाठी सगळ्यात चांगलं.

"जंतू मारायचं सोडून वाढवायलाव?" मी विचारलं.

"वाढवल्याशिवाय कशानं मरतो ते कसं कळणार?"

त्यांना एक निरोगी मेंढा बाजूला बांधून हवा होता. जनावरांचे डॉक्टर येऊन मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढणार, काचेचे मणी घातलेल्या बाटलीत ते हलवत राहणार म्हणजे गोठत नाही, आणि मेंढ्याला काही होणार नाही. मी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हात हातात घेऊन बोटं दाबतात. अक्कांनी विचारलं, हे कशासाठी. मी म्हणालो, "भाव दोघांनाच कळावा म्हणून."

"बरंय की तुमचं. आमच्याकडं कागद सगळ्या जगाला दिसतो आणि कळत कुणालाच नाही."

असं म्हणून त्यांनी टॉवेलखाली हात घातला. बोटांची भाषा त्यांना येत नव्हती, ती मी तिथल्या तिथं शिकवली आणि शिकवता शिकवता भाव माझ्या बाजूला ओढून घेतला. त्यांना ते कळलं. उठताना म्हणाल्या, "भाव तुमचा घ्या. पण एक अट माझी. या मेंढ्याला कसलंही इंजेक्शन टोचायचं नाही. आजारी पडला तर मला सांगायचं, तुम्ही डॉक्टरकी करायची नाही." मी टाळी दिली.

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या. वडील मागावर, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. वडील विणलेली चादर उजेडाकडं धरून भोकं बघायचे म्हणे. अक्का ताटली तशीच धरायच्या. खिडकीकडं तोंड करून, हात लांब करून, एक डोळा बारीक करून. ताटलीवर जंतूंची साय पसरलेली असायची आणि त्यावर औषधाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवलेल्या. ज्या टिकलीभोवती साय विरून चकाचक वर्तुळ पडलं, ते औषध त्या जंतूला दाबतं. कोटाच्या खिशात स्टीलची पट्टी असायची, तिनं वर्तुळ मोजायचं. काही ताटल्या त्या नाकाशी नेत. एकदा मलाही दिली होती हुंगायला. हिरवट दिसत होती आणि वास पिकल्या द्राक्षांचा. "खायचं मन झालं का?" म्हणाल्या. "हा लई वाईट जंतू. जळालेल्या माणसांच्या जखमेत बसतो."

रिपोर्ट घ्यायला कुणी आलं की अक्का कागद हातात द्यायच्या आधी विचारायच्या, "ताप आहे का? कुणाला आहे?" माणसं गोंधळायची. मग त्या सांगायच्या, "माणसाला असंल तर औषध द्या. कागदाला आला असंल तर देऊ नका." पुष्कळ म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. रिपोर्टवर जंतूचं नाव छापून आलं की घरचे घाबरतात आणि औषधाच्या दुकानात पळतात. अक्का त्या कागदाखाली लाल शाईनं लिहायच्या, की त्रास नसेल तर उपचार नको. घरच्यांना वाटायचं, आपण तपासणी फुकट केली.

मोठ्या डॉक्टरांशीही त्या तशाच बोलायच्या. मी समोर बसलेलो असताना एका नावाजलेल्या दवाखान्यात फोन लावला होता. "साहेब, हा नमुना लघवीच्या पिशवीतून काढलाय. पिशवीत जंतू असतातच. पिशवीला औषध द्यायचं असंल तर पिशवीला द्या. रोग्याला द्यायचं असंल तर नळी बदलून नवा नमुना पाठवा." पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोललेलं मलासुद्धा ऐकू आलं. अक्कांनी फोन खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघा, हेडीसाहेब. हे गिऱ्हाईक गेलं."

"मग करायचं की त्यांच्या मनासारखं. तुमचं काय जातंय?"

"तुम्ही आजारी मेंढरू वैरागच्या बाजारात सुदृढ म्हणून विकताव. मी तसा खोटा रिपोर्ट विकला तर त्यातलं औषध माणूस खाणार आहे."

मी आजारी मेंढरं विकत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी विषय बदलला.

त्या मेंढ्यावरून एकदा मोठं रामायण झालं. गोठ्यावरचं बघायला माझा थोरला भाऊ असतो, त्याला सगळे आबा म्हणतात. आबाचं जनावरांवर पोटच्या पोरापेक्षा जास्त प्रेम. मेंढरू जरा खोकलं, की सुई. औषधाच्या दुकानातून बाटली आणायची आणि मांडीत टोचायची, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या नसलं तरी आबाच्या तरुणपणापासून चालू. मेंढा कधी खोकला, आबानं कधी टोचलं, मला पत्ता नव्हता. रक्त नेहमीप्रमाणं गेलं. आणि एके दिवशी सकाळी अक्का रिक्षानं गोठ्यावर हजर.

"कुणी टोचलं?"

"काय टोचलं?" मी विचारलं.

"ते मला नका विचारू. मी तुम्हाला विचारायलेय."

अक्का लॅबमध्ये एक ओळखीचा जंतू पाळायच्या. त्याला घरचा जंतू म्हणायच्या. कुठल्या टिकलीभोवती त्याचं वर्तुळ किती पडणार, हे ठरलेलं. नव्या ताटल्या केल्या की आधी घरचा जंतू त्यावर लावून बघायचा, मगच रोग्याचा. आमच्या रक्ताच्या ताटल्यांवर घरचा जंतू नीट वाढेना, आणि वर्तुळं नेहमीपेक्षा मोठी पडायला लागली. म्हणजे टिकलीच्या जोडीला कुणीतरी आधीच जंतूला मारत होतं. रक्तातच औषध होतं.

आबा पुढं आला. अंगावर घोंगडं, हातात काठी. "म्या टोचलं. खोकत हुता त्यो."

"किती खोकला?"

"खोकला की रातभर."

"ताप होता?"

आबाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "मेंढराला ताप कसा बघायचा आन्‌ बाई? अंग तर नेमीच गरम आसतंय."

अक्कांनी पिशवीतून थर्मामीटर काढला आणि शेपटी वर करून मेंढ्याचा ताप कसा बघायचा ते आबाला तिथं शिकवलं. साडीचा काठ शेणात बुडला, तिकडं बघितलं नाही. मग बादलीवर बसून आबाला म्हणाल्या, "आबा, तुमच्या सुईनं तुमचा मेंढा बरा झाला असंल, नसंल. पण या ताटल्यांवर एखाद्या पोराचा पू लावला असता, तर निकामी औषधसुद्धा मला चांगलं दिसलं असतं. मी त्या डॉक्टरला लिहिलं असतं की हे द्या. पोराला ते लागू पडलं नसतं."

त्या सगळ्या ताटल्या फेकून दिल्या गेल्या. मेंढा दुसरा बांधला. आणि त्या दिवसापासून आबा अक्कांचा माणूस झाला. मेंढरू खोकलं, की आधी थर्मामीटर शोधायचा. आमच्या भागातले लोक त्याला हसायचे.

माझी आणि अक्कांची खरी चकमक झाली माझ्या बायकोच्या रिपोर्टवरून. तिला लघवीची जळजळ आणि ताप होता. रिपोर्ट आला, त्यात औषधांची नावं, पुढं एस किंवा आर, आणि एक आकडा. हा वर्तुळाचा नव्हे, जंतू दाबायला औषध किती लागतं त्याचा, यंत्रावर काढलेला. एस म्हणजे जंतू दबतो, आर म्हणजे दाद देत नाही, एवढं मला ठाऊक झालं होतं. पण एका औषधापुढं मोठा आकडा होता आणि दुसऱ्यापुढं अगदी लहान, अपूर्णांकातला. दोन्ही एस. डॉक्टरनं मोठ्या आकड्याचं दिलं. दुकानदार म्हणाला, आकडा जेवढा लहान तेवढं औषध थोडक्यात काम करतं, मग लहान आकड्याचंच सरस. मी आयुष्यभर भाव तोलत आलेला माणूस. मला ते पटलं. मी तणतणत अक्कांकडं गेलो. "अक्का, डाक्टरनं आमाला हलका माल दिला."

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोन किलोचा कोंबडा कसा?"

"लई मोठा. गावात फिरवावा असा."

"आणि महिन्याचं करडू दोन किलोचं?"

"मराया टेकल्यालं."

"आकडा तर एकच आहे की."

त्यांनी रिपोर्ट माझ्या हातातून काढून घेतला.

"कोंबड्याला कोंबड्याचा काटा, करडाला करडाचा. प्रत्येक औषधाची आपली हद्द ठरलेली असते. आकडा त्या हद्दीच्या आत आहे का बाहेर, एवढंच बघायचं. या औषधाचा आकडा त्या औषधाच्या आकड्याशेजारी मांडायचा नाही. आणि डॉक्टरनं जे दिलंय ते किडनीपर्यंत पोचतं. तुमच्या बायकोला ताप आहे, जळजळ नुसती खाली नाही. ते तुमचं लहान आकड्याचं तिच्या किडनीत पुरेसं पोचत नाही. दाव्याला बांधलेला कुत्रा कितीही चावरा असला, तरी चोर दाव्याच्या पलीकडून जातो."

बायको बरी झाली. मी ते अक्कांना सांगितलं नाही, त्यांनीच विचारलं.

त्यानंतर माझी दुसरी तक्रार होती, आणि ती बऱ्याच लोकांची होती. अक्कांच्या रिपोर्टवर औषधं मोजकी. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट हातभर लांब. मी म्हणालो, "तुमी माल दडवताव. म्या बघितलंय, तपासताव जास्त, लिवताव कमी."

"दडवते की. तुम्ही बाजाराला जाताना वंशाचा मेंढा बांधून नेताव का?"

"त्यो कशाला न्यायचा? त्यो गेला तर पुढं मेंढरांचं खांड कशावर वाढायचं?"

"मग. साध्या औषधानं भागत असलं तर जालीम औषधाचं नाव मी कागदावर कशाला आणू? आणलं की लिहिलं जातं. लिहिलं की खाल्लं जातं. आज सगळ्यांनी खाल्लं, की उद्या जंतू त्यालाही दबणार नाही. डॉक्टरला गरज पडली तर मला फोन करंल, मी सांगंन. तेवढ्यासाठीच तर फोन ठेवलाय."

धंदा म्हणून हे अगदी चुकीचं होतं, आणि मी तसं सांगितलं. गिऱ्हाइकाला दुकान भरलेलं दिसावं लागतं. अक्का कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवत म्हणाल्या, "माझं दुकान नाही."

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे पुरते नाही. समोरचं मधलं दिसेना, कडेचं दिसायचं. माणसाशी बोलताना त्या मान वळवून कोपऱ्यातून बघायला लागल्या, त्यामुळं नव्या माणसाला वाटायचं, बाई आपल्यावर रुसली आहे. पट्टीवरच्या रेघा दिसेनात. लॅब विकायची ठरली. लग्न केलेलं नव्हतं, मागं लॅब चालवणारं कुणी नव्हतं. त्यांनी मला बोलावलं. "हेडीसाहेब, मला विकता येत नाही. तुम्हाला येतं."

निखिल घ्यायला आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, नमुने गोळा करायची केंद्रं गावोगाव. मला अंकल म्हणायचा. त्याला जागा नको होती, यंत्रंही नको होती. त्याला अक्कांचं नाव हवं होतं, कारण सोलापुरातले डॉक्टर त्या नावावर विश्वास टाकायचे. मी हे पहिल्या बैठकीतच ओळखलं आणि त्या नावाचा असा भाव लावला की त्याच्या वकिलाचा चेहरा उतरला. तो भाव मी मिळवला. अक्कांना त्या भावात काही रस दिसला नाही. त्या एकाच गोष्टीवर अडून बसल्या. नाव ठेवा, सही वापरा. पण ज्या रिपोर्टवर माझं नाव जाईल तो मला फोनवर वाचून दाखवायचा.

"मॅडम, तुम्हाला दिसत नाही ना पण," निखिल म्हणाला.

"मोजायला डोळे लागतात, ते तुमच्या लॅबमधल्या मुलींचे आहेत. नमुना कशाचा, ताप आहे का, वर्तुळ किती, एवढं मला सांगायचं. अर्थ मी लावते."

वकील म्हणाला, हे कलम कसं लिहायचं? निखिलनं हात वर केला. "ते लिहायला कशाला पाहिजे? मॅडम मला आईसारख्या आहेत. अंकल, तुम्ही सांगा." मी हात पुढं केला. त्यानं टाळी दिली. आमच्या बाजारात टाळी दिली की नवा मालक जनावराच्या पाठीवर रंग टाकतो आणि जुना मालक दावं सोडतो. त्यानंतर कुणी दुप्पट भाव दिला तरी ते जनावर फिरत नाही. माझ्या बापानं टाळीवर जनावरं घेतली, मी टाळीवर घर बांधलं. म्हणून मी अक्कांना म्हणालो, झालं, पक्कं झालं.

सुरवातीला फोन यायचे. दुपारी जेवून अक्का फोनजवळ बसायच्या आणि पलीकडची मुलगी वाचायची. मी एकदोनदा समोर होतो. "ताप आहे का? विचार ना त्यांना. नाही विचारलंस? मग आधी विचारून ये, मग वाच." पुढं फोन कमी झाले. मग बंद झाले. अक्कांनी मला सांगितलं, लॅबवाले बहुतेक आता पुण्याला नमुने पाठवतात, चांगलं आहे. मेंढ्याचं रक्तही बंद झालं, तयार ताटल्या यायला लागल्या. मेंढा माझ्याकडंच राहिला. त्याला गिऱ्हाईक आलं होतं. मी दिला नाही.

मग आबा आजारी पडला. त्याला लघवी अडायचा त्रास होता, म्हणून नळी घातलेली. एक दिवस हुडहुडी भरून ताप आला. त्याच्या डॉक्टरनं लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट मोबाइलवर आला, हातभर लांब, आणि खाली अक्कांचं नाव आणि सही. मी आबाला म्हणालो, "अक्काचा रिपोर्ट हाय. आता काळजी न्हाय." आबासुद्धा हसला. डॉक्टरनं त्यातली एक एस लिहिलेली गोळी दिली. ताप उतरला नाही. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टप्रमाणं औषध चालू आहे, थांबू. आबा बडबडायला लागला. मेंढरांना हाका मारायला लागला. रक्तदाब उतरला, आणि त्याला अतिदक्षता विभागात नेलं.

मी तिथून तडक पूर्व भागात अक्कांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. दारातनंच ओरडलो, "अक्का, तुमच्या रिपोर्टनं माजा भाऊ चालला."

"शुद्धीत आहेत का आबा?" त्यांनी विचारलं. "ताप किती आहे आत्ता? लघवी उतरते का? वाचा रिपोर्ट. मला दिसत नाही, तुम्ही वाचा."

मी मोबाइल धरून औषधांची नावं जमंल तशी वाचली. एस, एस, आर, एस. त्या मान वळवून ऐकत होत्या. वंशाचे मेंढेसुद्धा सगळे बाजारात उभे केलेले होते. मध्येच थांबवून म्हणाल्या, "नमुना नळीतला का पिशवीतला, लिहिलंय?"

"न्हाय."

"ताप आहे म्हणून लिहिलंय?"

"त्याला जागाच न्हाय की हितं."

"कुठली गोळी दिली?"

मी नाव सांगितलं. अक्का म्हणाल्या, "ती गोळी लघवीत उतरते आणि तिथंच काम करते. रक्तात तिचा काही जोर नसतो. ताप असताना ती एस असली काय आणि आर असली काय. मी असते तर हिच्यापुढं लाल शाईनं लिहिलं असतं."

"पण सही तुमचीच हाय ना?"

"सही माझीच आहे. वाचला मी नाही."

मी नंबर लावून दिला आणि त्या आबाच्या डॉक्टरशी बोलल्या. नळी बदला, रक्ताची तपासणी पाठवा, रक्तात पोचणारं औषध शिरेतून चालू करा, कुठलं तेही सांगितलं. डॉक्टर चांगला मुलगा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाला, तो आवाज मला अजून ऐकू येतो, "मॅडम, तुमची सही होती म्हणून मी दुसरा विचारच केला नाही."

अक्का म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." आणि फोन माझ्या हातात दिला.

आबा वाचला. पण पायांतली ताकद गेली ती गेली. मेंढरांमागं चालणं संपलं. आता तो गोठ्यापुढं खाटेवर बसून दुसऱ्याला सांगतो, आधी ताप बघ.

आबा घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, मला सात रस्त्याला घेऊन चला. मी नेलं. लॅबवर त्यांच्या नावाची पाटी होती, आधीपेक्षा मोठी, दिव्यांची. आत काउंटरवर नवी मुलगी. तिनं वर न बघता विचारलं, "सॅम्पल कुणाचं आहे?"

"सॅम्पल नाही," अक्का म्हणाल्या. "माझी सही आहे तुमच्याकडं. ती परत न्यायला आलेय."

मुलीनं मग वर बघितलं. बिचारीला काही कळेना. "सही सिस्टीममध्ये असते आजी. ती काढून नाही देता येत. सरांना विचारावं लागेल."

सर गावात नव्हते. मी फोन लावला. निखिल म्हणाला, "अंकल, आता मशीन वाचतं. माणसापेक्षा चुका कमी करतं. तुमच्या भावाचा रिपोर्ट मी काढून बघतो, पण चूक असणार नाही." मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. अक्कांनी माझी बाही ओढली.

"ओरडू नका. मशीनचं चुकलेलं नाही. आकडे बरोबर आहेत, एस पण बरोबर आहे."

"मग चुकलं कुणाचं?"

"ते त्याला विचारा. शांतपणे विचारा."

मी फोन घेऊन बाहेर पायरीवर गेलो आणि शांतपणे विचारायचा प्रयत्न केला. निखिलनं फोन ठेवून दिला. परत लावला, उचलला नाही. आत वळलो तर अक्का काउंटरजवळ नव्हत्या. रोग्यांच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक बाई, अक्कलकोटकडची असावी, मध्येच कानडी शब्द यायचे तिच्या बोलण्यात. मांडीवर पोर, हातात नुकताच मिळालेला रिपोर्ट. त्यावर खाली सही अक्कांचीच. त्या बाईला ते ठाऊक नव्हतं, आणि अक्कांनी सांगितलंही नव्हतं. अक्का मान वळवून पोराकडं कोपऱ्यातून बघत होत्या आणि विचारत होत्या, "ताप आहे का ह्याला? खातो का नीट? बरं. आता वरनं एकेक अक्षर वाचा. सावकाश वाचा, मला घाई नाही."

मी दारातच उभा राहिलो. तेवढंच शेवटचं बघणं. पुढच्याच आठवड्यात त्यांची हैदराबादची बहीण त्यांना घेऊन गेली, आणि तिथंच त्या गेल्या.

आता त्या लॅबच्या रिपोर्टवर अक्कांची सही येत नाही. माझ्या ओरडण्याचा एवढा परिणाम झाला. सहीच्या जागी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, की हा रिपोर्ट संगणकानं तयार केला आहे, सहीची आवश्यकता नाही. पाटीवर मात्र त्यांचं नाव अजून आहे आणि संध्याकाळी त्यात दिवे लागतात.

निखिलशेठ, मला सही नको. तुम्ही माझ्या हातावर टाळी दिली होती, आणि तिथं तुमचा वकीलही होता. आबाचा रिपोर्ट बाहेर जाण्याआधी कुठल्या माणसानं वाचला, त्याचं नाव सांगा. कुणीच वाचला नसेल तर तेही सांगा, पण आबाच्या खाटेसमोर उभं राहून सांगा. आणि तोवर ती पाटी उतरवा. मी रोज सात रस्त्यावरून जातो. पाटी आहे का उतरली, ते रोज बघतो.